चार मिनिटं अकरा सेकंद

शर्यत सुरू झाली ती चहावरून.
दुष्काळ सरला, टँकर जिनिंगच्या आवारात धूळ खात उभे राहिले,
ड्रायव्हरांना काम नव्हतं आणि जालन्याच्या गल्ल्या मात्र तोंडपाठ.
जिलानी मिस्त्री म्हणाले, उकळी येईस्तोवर
कोण आणतंय जीप गावाला वळसा घालून?
कचरू ढवळे गेला. परतला तेव्हा
चहा उतू जाऊन स्टोव्ह विझलेला.
पहिल्या वर्षीचा निकाल एवढाच.

मग दरवर्षी पोळ्याच्या करीला.
आदल्या दिवशी बैल मिरवायचे,
दुसऱ्या दिवशी इंजिनं.
मामा चौक, सदर बाजार, कुंडलिकेचा पूल,
कादराबादचा काटकोन, मस्तगडाचा चढ, अन् परत.
वळणावळणाला कापसाच्या गाठी,
बंकटलाल शेठनं मोजून दिलेल्या, मोजून परत घेतलेल्या.
एका साली एक गाठ कमी भरली.
तिचा कापूस आठवडाभर
पुलाखालच्या बाभळींना लागून होता.

गाड्या तरी काय,
लिलावातली जीप, दारं काढलेली अँबॅसडर,
तीन फियाट मिळून एक चालेल अशा तीन फियाट,
नांदेडहून आलेली एक मेटाडोर, जिचा हॉर्न
गाडीच्या आधी पोचायचा.
जिलानी बॉनेटला कान लावून म्हणायचे,
"गाडी नै भागती मियाँ, आदमी भागता."

मी घड्याळ धरायचो.
शाळेत पीटी शिकवायचो, म्हणून.
स्टॉपवॉच शाळेचं, चावीचं, खिशात ठेवलं की
मांडीला टिकटिक लागायची.

एकोणऐंशी साली कचरू असा आला
की चौकातली कबुतरं उडायचं विसरली.
मी तबकडी पाहिली. काटा उभा.
चावी द्यायचीच राहिली होती.
"किती, गुरुजी?"
दुकानांच्या पत्र्यांवरून, झाडांवरून, शे-दोनशे तोंडं.
समोरच्या दारावर पितळी पाटी, घर क्रमांक ४-११.
म्हणालो, चार मिनिटं अकरा सेकंद.
रात्रीतून जिनिंगच्या भिंतीवर तो गेरूनं रंगवला,
पुरुषभर उंचीचा.

आठ वर्षं गाव त्या पाटीच्या मागं धावलं.
कुणी पंधरावर, कुणी तेरावर,
एकदा साडेबारा, तेव्हा पेढे वाटले हरलेल्यानं.
जिलानींच्या थोरल्याचा खांदा काटकोनात गेला.
दवाखान्यात तो मला म्हणाला,
"सर, कचरूकाका तिथं ब्रेक दाबत नव्हते काय हो?"
मी मोसंबी सोलत बसलो.

मग रूथ साळवे.
मिशन दवाखान्याची रुग्णवाहिका चालवणाऱ्याची पोर,
बापाला रात्रपाळीत डुलकी लागली की
हीच पेशंट आणायची, सायरन न लावता,
कारण सायरननं लोक मध्ये येऊन बघतात म्हणे.
तिनं फियाट मागितली. जिलानींनी दिली.
त्या दिवशी मी तीनदा चावी दिली होती.

ती कुठंच जोरात गेली नाही.
फक्त कुठंच हळू झाली नाही.

चार मिनिटं नऊ सेकंद, मी ओरडलो.
चौक हसला.
मग गप्प झाला. मग कुणी म्हणालं, घड्याळ दाखवा.
कुणी म्हणालं, ते जुनं झालंय.
बंकटलालनं हिशेबनीस बोलावला.
कचरू पुढं झाला, म्हणाला, पोरगी चांगली चालवते,
पण गुरुजींचा हात आता थरथरतो.

खोटं बोललो तेव्हा साक्षीला कुणी लागलं नव्हतं.
रूथनं किल्ली मिस्त्रींच्या तळहातावर ठेवली,
आणि ड्युटीवर गेली.

पुढच्या साली परवानगी आली नाही.
रहदारीस अडथळा, असं पत्र.
मग गतिरोधक आले, मी मोजलेत, चौदा.
जिनिंग पडली, तिथं मंगल कार्यालय झालं,
भिंत तेवढी कंपाउंडात राहिली.
चुन्याचे पाच हात चढले, तरी उन्हं तिरपी झाली
की चाराचा आकडा दिसतो. अकराचा नाही.

डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.
मी त्याच वाटेनं जातो, एकाहत्तर मिनिटं लागतात,
कादराबादला अजूनही बाहेरून वळण घेतो.
परवा एक रुग्णवाहिका मागून आली,
सायरन नव्हता.
मी बाजूला झालो, खिशात हात घातला.