बोटभर

पोर्तोच्या चढावर फेलिझबेलाचं शिवणाचं दुकान.
न्हावी आदेलिनो तीच विजार तिसऱ्यांदा घेऊन आला:
डावा पाय जमिनीला घासतो म्हणे.

"कापडात खोट नाही," ती म्हणाली, तोंडात टाचण्या.
"उभे राहा. रोजच्यासारखे."

एकतीस वर्षं खुर्चीपाशी
सगळा भार उजव्या खुब्यावर.
तिथला स्नायू कधीच हरलाय,
डावी कंबर खाली कललीय,
आणि वर खांदा ते लपवतोय.

तिने दोन्ही हाडांवर अंगठे टेकवले,
पाणसळ लावावी तसे.
बुडबुडा मधे येईना.

"बोटभर दुमडून देते.
पण उद्या सरळ उभे राहिलात तर?"

तो हसला. पैसे दिले.

संध्याकाळी, रिकाम्या खुर्चीमागे,
आदेलिनो डाव्या पायावर उभा राहून पाहतो.
पाय थरथरतो,
नव्या पोरासारखा,
पहिल्यांदा वस्तरा हातात दिलेल्या.