सात पॉइंट नऊ

फॉर्म चार पानी आहे.
मैदान: मिरज. सामना: लीग, पगारी खेळाडूंचा.
हवा कोरडी, प्रकाश पुरेसा
(पूर्वेचा चौथा दिवा मधेच डोळा मारतो,
त्याला रकाना नाही).
पंच: तस्लीम सतारमेकर, वय सत्तावीस.
निरीक्षक: मी.

पहिली वीस मिनिटं मी चेंडूकडे बघतच नाही.
तिच्या पायांकडे बघतो.
कर्णरेषेवर धावते, पण रेषेला बांधलेली नाही,
खेळापासून पंधरा पावलं, कधी बारा,
पास सुटायच्या आधीच मान वळते.
लिहिलं: "अंदाज चांगला."
लिहून झाल्यावर वाटलं, चांगला हा शब्द
गेली अकरा वर्षं मी सगळ्यांनाच वाटतोय,
तिळगुळासारखा.

शिट्टी मात्र वेगळी.
थ्रोइनला नुसती फुंकर.
मागून पाय घातला की एकच, लांब, वरच्या पट्टीतली,
पाडणाऱ्याचे हात आपोआप वर जातात.
घरात तारा जुळवणारी माणसं आहेत म्हणे.
फॉर्मवर जागा एवढीच: शिट्टीचा वापर, योग्य / अयोग्य.

अठ्ठाविसाव्याला पिवळं. बरोबर.
चव्वेचाळिसाव्याला फाऊल होऊनही हात पुढे पसरले,
खेळू दिलं, आणि त्यातूनच गोल.
शेजारी शेंगा फोडणाऱ्या काकांनी
पाहुण्यांच्या गोलकीपरची आई-बहीण काढली.
तिचं नाव कुणाच्याच तोंडी नाही.
मी त्याचे मनात गुण दिले.

मग एकाहत्तरावं मिनिट.
कॉर्नर. गोलसमोर बारा-तेरा अंगं.
पाहुण्यांच्या पाच नंबरचा हात वर गेला
आणि चेंडूनं वीतभर दिशा बदलली.
शिट्टी नाही.
अख्खा स्टँड उठला.
"ए शिट्टी, मिशनमधी डोळं दाखव जा!"
"हितनं चालत जा, रिक्षा नको!"
मीही उठलो होतो.
कागदावर पेनाची आडवी रेघ गेली, ती अजून आहे.
सामना एक-एक.

खोलीत ती बाकावर बसलेली,
मोज्यातली माती झाडत.
"एकाहत्तर," मी म्हणालो.
"त्यांचा सात नंबर मधे आला, सर.
हात दिसला नाही.
आवाज आला. छातीचा वेगळा असतो, हाताचा वेगळा.
पण नुसत्या आवाजावर कसं देऊ?"

"दोन पावलं डावीकडे," मी म्हणालो. हे बरोबरच होतं.
मोठी, स्पष्ट चूक: सात पॉइंट नऊ,
बाकीचं कितीही झकास असो. नियम मी केलेला नाही.

एकोणनव्वदला, सांगलीत,
मी आवाजावर पेनल्टी दिली होती.
हाताच्या नाही. लोकांच्या.
त्या दिवशीच्या निरीक्षकानं मला दिले आठ पॉइंट चार,
पाठीवर थाप मारून.
तो कागद अजून फायलीत आहे, प्लॅस्टिकमध्ये.

हे तिला सांगितलं नाही.
आकडा लिहिला, फॉर्म तिच्यापुढे सरकवला.
तिनं वाचला. सगळा, पहिल्या पानापासून.
सही केली.
मग म्हणाली, "पूर्वेचा चौथा दिवा मिचकत होता,
ते लिहिलं नाहीत?"
"त्याला रकाना नाही."
"मग समासात लिहा की."

बाहेर एक मालगाडी बराच वेळ जात राहिली.
मी टोपण काढलं.
समास चांगला चार बोटं रुंद होता.