हात तेलाचे आहेत

पावणेपाचला नळ येतो, त्याच्याही आधी
बाबा शेडचं शटर वर करतात.
नवतपा लागलाय. आठ वाजले की
नागपूरची हवा या कामाची राहत नाही,
पेट्रोल पाईपातच उकळतं
आणि पहाटे लावलेलं माप दुपारी खोटं पडतं.

धरमपेठेतल्या हस्तक वकिलांची काळी रायली
दात दाखवायला आल्यासारखी आ वासून उभी.
दोन कार्बुरेटर.
चौघा सिलिंडरांना सारखा श्वास वाटून द्यायचा,
एवढंच काम दोघांना,
आणि दोघांचं पटत नाही.

"पोरी, नळी घे. माहे हात तेलाचे हायेत."

तेलाचे कधी नसतात?
चाळीस वर्षं तेलाच्याच हातांनी
ही सलाईनची पिवळी पडलेली नळी
त्यांनी स्वतःच्या कानाला लावली.
एक टोक कार्बुरेटरच्या तोंडाशी, एक कानात,
आधी पुढचा, मग मागचा,
स्क्रू पाव आटा इकडे की तिकडे
ते फुसकाऱ्यावरून ठरायचं.
आजोबा मागावर असेच बसायचे म्हणे,
धोटा अडायच्या आधी त्यांना ऐकू यायचं.

मी बँकेच्या परीक्षा देते. तरी घेते नळी.
पुढचा: तव्यावरच्या भाकरीला पाणी लावताना
होतो तसा, श्श.
मागचा: तोच, पण जाड,
कोणी दाराआड उभं राहून
नाकानं श्वास घेतंय.
"मागचा जास्त ओढतोय."
बाबा स्क्रू फिरवतात आणि बघतात
इंजिनाकडे नाही,
माझ्या ओठांकडे.

परवा कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या,
डाळ करपली,
ते तिथेच पेपर वाचत होते.
दिवाळीपासून हात तेलाचे आहेत.

"अजून थोडं. बस. नाही, मागे घ्या. हां."
मान हलवून सांगते, बोटांनी सांगते,
आणि सांगतेय हे त्यांना कळू नये
म्हणून मोठ्यानं बोलतेही.

मग ते बारीक स्क्रूड्रायव्हरनं
आतला पिस्टन केसभर उचलतात.
इंजिन चढतच गेलं तर पेट्रोल जास्त,
गुदमरलं तर कमी,
दचकून जागेवर आलं तर बरोबर.
याला कान लागत नाही.
डावा तळहात मडगार्डवर ठेवून
ते डोळे मिटतात, बराच वेळ,
गाडीला ताप आहे का पाहावं तसे.
शेजारच्या पेल्यातल्या चहावर
साय नुसती थरथरते, फाटत नाही.

सातला वकील स्कूटरवरून आले.
गाडीभोवती एक चक्कर, मग दुसरी.
"काय म्हणते, पौनीकर? दोन्ही सारखे वाजतात ना?"

"पोरीले पुसा," बाबा म्हणाले, "थेच सांगन."
आणि साबणानं दोनदा धुतलेले हात
त्यांनी पाठीमागे घेतले.