मढवींचा रस्ता

मोरी खचली त्या रात्री आवाज झाला नाही.
पहाटे दुधाच्या टेम्पोवाल्याने ब्रेक मारला
तेव्हा पुढे रस्ता नव्हता,
खाली खाडीची भरती, आणि तिच्यात तिरका
मैलाचा दगड: ठाणे, आणि एक एकडा.
त्यापुढचा आकडा पाण्यात.

खात्याने दोन पिंपं आणली, एक फलक.
रस्ता बंद आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.
कधी उघडणार, ते लिहायला फलकावर जागा नव्हती.
शिळफाट्यावरून वळसा घालायचा तर चौदा किलोमीटर,
आणि शिळफाटा म्हणजे शिळफाटा.

सासरे आठ दिवस ओट्यावर बसून पिंपांकडे बघत राहिले.
नवव्या दिवशी म्हणाले, आपलं शेत आडवं हाय ना.
माझ्या पाटल्या गेल्या, सोसायटीचं कर्ज आलं,
आणि ऐरोलीत पाडलेल्या इमारतींचा राडारोडा
डंपरमागून डंपर भाताच्या खाचरात ओतला गेला.
रोलरखाली दबताना मी पाहिलं:
गुलाबी फरशी, कुणाचं निळं न्हाणीघर,
कुणाच्या ओट्याचा काळा कडाप्पा,
एका टाइलवर ‘लाभ’.
‘शुभ’ शोधलं. सापडलं नाही.

तीनशे बारा पावलं. मोजली आहेत.
या टोकाला नायलॉनचा दोर, प्लास्टिकची खुर्ची,
बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
आणि मी, धाकटी सून, दहावी पास म्हणून.
सायकल फुकट. स्कूटर दहा. रिक्षा वीस. मोटार चाळीस.
पाण्याचा टँकर दीडशे, कारण टँकर रस्ता खातो.
मयताच्या गाडीकडून घ्यायचे नाहीत, सासूबाई म्हणाल्या.
जाताना नको, सासरे म्हणाले,
येताना घे.

लोक बोलायचे. सरळ दरोडाच घाला की.
एका बाईने काच खाली करून विचारलं, परवानगी आहे का?
मी म्हटलं, खड्ड्याला होती का?
म्हणजे हे मी रात्री भांडी घासताना म्हटलं.
तेव्हा नुसती चाळीसची पावती फाडली.

बाबा पलीकडच्या गावचे.
पहिल्यांदा स्कूटरवरून आले तेव्हा मी दोर टाकून दिला,
तरी ते थांबले, पाय टेकला. दहाची नोट.
राहू द्या ना.
पावती दे, मढवींचा हिशोब चुकायला नको.
मागे टेम्पोचा हॉर्न.
बरी हायस?
बरी हाय.
गेले.
पुढे आठवड्याला आले. मग मंगळवारी आणि शुक्रवारीही.
या बाजूला त्यांचं काय काम, मी विचारलं नाही.
चाळीस पावलांवर माझं दार,
आणि मागे कायम कुणीतरी हॉर्नवर.

खात्याने मोरी बांधली. फीत नाही, नारळ नाही,
एका बुधवारी नुसती पिंपं उचलून नेली.
गुरुवारी डब्यात तीस रुपये पडले.
त्यानंतर काहीच नाही.
पाटल्या अजून सुटल्या नाहीत.
नांगर घातला की फाळ कडाप्प्यावर वाजतो,
कुणाच्या तरी स्वयंपाकघरात काही पडल्यासारखा.

पण तो शुक्रवार.
मी दोरावर कपडे वाळत घालत होते
आणि स्कूटर आली,
गुळगुळीत डांबर सोडून
आपल्याच फरशांवरून दणके खात.
जिथे दोर असायचा तिथे बाबांनी पाय टेकला,
खिशातून दहाची नोट काढली.
मी त्यांच्या मागे पाहिलं.
कुणी नव्हतं.
पावतीपुस्तक संपलं, मी म्हटलं.
आत या.