कपाचा कान

पहिल्या मंगळवारी दाग्निया बाईंनी
टेबलावर एक चहाचा कप ठेवला
आणि म्हणाल्या, उचला.
मी उचलला, कोणीही उचलेल तसा.
कान धरून.

"मेला," बाई म्हणाल्या.
"कान मागाहून चिकटवलेला असतो.
भट्टीतून एकत्र निघाले तरी
कप त्याला पुरता आपला म्हणत नाही."
मग दोन्ही हात. एक बुडाखाली, एक पोटाशी.
आधी अंगठी काढून.

चौतीस वर्षं लिएपायाच्या बंदरात मी क्रेन चालवली.
वीस-वीस टनांचे डबे, ओले ओंडके,
एकदा तर अख्खी बोट
हवेत धरून ठेवली होती, खालच्यांचं भांडण मिटेपर्यंत.
आणि आता अडुसष्टाव्या वर्षी
पावशेरभर चिनीमाती हातात थरथरते,
की हातच थरथरतो,
नक्की सांगता येत नाही.

आम्ही सात जण. संग्रहालयाचं तळघर.
रेडिएटर मुद्दाम मंद:
वस्तूंना सोसेल तेवढीच ऊब, माणसांनी कोट घालावेत.
वेल्टा मासळीच्या कारखान्यातून निवृत्त.
लोकरी हातमोज्यांना कसर लागली तर
हवाबंद पिशवी, उणे तीस, दोन आठवडे,
बाहेर काढल्यावरही दिवसभर उघडायची नाही,
हे ऐकून ती खो-खो हसली,
"म्हणजे हेरिंगच की!"
ताळिवाल्दिस रात्रीची बस चालवतो,
चित्रांच्या तासाला झोपतो.
एकदा मात्र डोळे न उघडताच म्हणाला,
त्या बाईनं हातातलं पत्र अजून वाचलेलं नाही.
दाग्निया बाई पडद्याकडे वळल्या.
पुढचं चित्र लावायला त्यांना बराच वेळ लागला.

शाई आत आणायची नाही. फक्त पेन्सिल.
क्रमांक वस्तूवर नाही घालायचा,
आधी पातळ लाखेचा थर, त्याच्यावर.
डिंक असा, की उद्या कोणाला सोडवता यावा.
"आपण जे करू ते
पुढच्या माणसाला उलटं फिरवता आलं पाहिजे."
एवढं वहीत लिहून घेतलं.
त्यानंतरचं त्या दिवशी
मला काही ऐकू आलं नाही.

एक्याण्णवचा हिवाळा, आईचं स्वयंपाकघर.
एवाल्ड्सला, माझ्या धाकट्या भावाला,
मी एक वाक्य बोललो होतो.
लांबलचक नव्हे. पाच-सहा शब्द.
खाली लाखेचा थर नव्हता.
कप पडला, की कोणी फेकला,
यावर आई शेवटपर्यंत काही बोलली नाही.
तो मुर्मान्स्कला गेला, तिथलाच झाला.

नवव्या मंगळवारी घरून एक वस्तू आणायची होती.
स्थितिपत्रक भरा, बाई म्हणाल्या,
दिसतं ते लिहा, वाटतं ते नको.

उंची आठ सेंटिमीटर.
निळी कड, सोनेरी रेघ झिजलेली.
आत चहाचा डाग, जुना.
कान: नाही.
तुकडे: दोन, कागदी पाकिटात.
नुकसानीचं कारण:

इथे सगळ्यांनी "अज्ञात" लिहिलं होतं.
वेल्टानं तर न विचारताच.
मी पेन्सिलीला टोक केलं.
पुन्हा केलं.

"चिकटवता येईल का?" मी विचारलं.
बाईंनी तुकडे उजेडात धरले, कडा पाहिल्या,
अंगठ्यानं नाही, नुसत्या नजरेनं.
"येईल. पण घाई काय?
हरवले नाहीत हेच पुष्कळ.
पाकिटावर नाव घाला, नाहीतर
उद्या कोणी कचरा समजेल."

मी नाव घातलं.
बाईंनी वाचलं. कपाला असं नाव नसतं
हे त्यांना ठाऊक असणारच.
फक्त म्हणाल्या, अक्षर जरा ठळक काढा.

बाहेर समुद्रावरून बोचरा वारा.
ट्रामच्या थांब्यावर वेल्टानं थर्मासचं झाकण भरून
माझ्यापुढे केलं.
मी दोन्ही हातांनी घेतलं,
एक बुडाखाली, एक पोटाशी, श्वास रोखून.

"अरे ओयार्स," ती म्हणाली,
"त्याला कानच नाही.
पी मुकाट्यानं."