खालची काळी पट्टी

डुलूथमध्ये जानेवारीत सरोवर मुकं होतं.
खनिजाची जहाजं बंदरात दात आवळून उभी,
आणि आम्ही दर गुरुवारी चर्चच्या तळघरात
कागद मांडून बसतो.
सहा बायका, एक निवृत्त पोस्टमन ऑर्विल,
आणि कॉफीचं भांडं, जे कुणी घासलेलं मी अजून पाहिलं नाही.

इथे घाई चालत नाही.
घडीआधी हाडाच्या पट्टीने रेघ दाबायची,
नाहीतर जाड कागद मोडताना पाठीवर पांढरा फुटतो.
ओल्या ठशावर भुकटी टाकायची, जास्तीची झटकायची,
मग गरम हवेचा झोत.
भुकटी वितळून चमकली की व्हर्ना अजूनही
नॉर्वेजियनमध्ये काहीतरी पुटपुटते,
चाळीस वर्षं, प्रत्येक वेळी.

त्या रात्री आर्डिस हॉगन एक अल्बम घेऊन आली.
चिकट पानांचा, वर प्लास्टिकचा पापुद्रा.
एके काळी सगळ्यांनी हौसेनं घेतलेले.
आता डिंक पिवळा पडलाय
आणि फोटो असे धरून बसलाय
की जणू त्याचं देणं बाकी आहे.
"सोडव," ती म्हणाली, "नातीसाठी नवी चिकटवही करायचीय."

ओढायचं नाही. ओढलं की चेहरे फाटतात.
दात साफ करायचा दोरा दोन बोटांना गुंडाळायचा,
कोपऱ्याखाली सरकवायचा,
आणि करवतीसारखा, अगदी हळू,
इकडे
तिकडे
इकडे.

बर्फातली तीन पोरं. कुंपणाशी बाप. धुतलेली मोटार.
प्रत्येक फोटोत खालून एक काळी पट्टी आत शिरलेली.
"सूर्य पाठीशी घेतला, सावली सगळ्यांच्या पुढे,"
आर्डिस म्हणाली. "काप ती."
मी कापली.
पाच फोटो, पाच पट्ट्या, कातरणांच्या डब्यात.

सहावा सुटला आणि उलटा पडला.
मागे पेन्सिल, डावीकडे कललेली अक्षरं:
हाही मीच काढला. मार्लिस.

आर्डिसने चष्मा काढला, पुसला, परत घातला.
इतका वेळ लागावा एवढं ते लांब नव्हतं.

मग ते पाचही उलटले.
हाही मीच. हाही. हाही.
एकावर तारीख.
एकावर नुसतं: मी.

मार्लिस म्हणजे तिची धाकटी बहीण.
थंडर बेला असते, गाडीने चार तास, मध्ये एक सीमा.
एकवीस वर्षं बोलणं नाही.
कारण विचारलं तर आर्डिसला नीट आठवत नाही,
आठवतं असं दाखवते.
"घरात तिचा एक फोटो नाही," ती म्हणाली,
"मला वाटायचं, मीच फेकले."

डबा टेबलावर पालथा केला.
फुलपाखरं काढून घेतलेली पोकळ चौकटी,
नाताळचं उरलेलं हिरवं, सोनेरी भुसा.
ऑर्विल चिमट्याने निवडत राहिला,
हाताची जुनी सवय, कोण कुठलं ते लावायची.
चार सापडल्या.
पाचवी त्याच्याच बुटाला चिकटलेली.

एकीत डोकं आणि रुमालाची गाठ.
एकीत दोन टोकदार कोपरे, कॅमेरा धरलेले.
बाकी नुसता कोट.
जुळवली तेव्हा एक बाई झाली,
वाकडी, पाच वेगवेगळ्या दिवसांच्या उन्हाची.

चिकटवही राहिली बाजूला.
आर्डिसने पांढरं कार्ड दुमडलं,
पट्ट्यांखाली फोमचे ठिपके लावले, एकावर एक दोन,
तशी ती कागदावरून उचलली गेली
आणि दिव्याखाली तिचीही
एक बारीक सावली पडली.

आत काय लिहायचं?
ठशांची पेटी उघडली. वाढदिवस, आभार, लवकर बरे व्हा.
पेटी मिटली.
पेन्सिल घेतली, थुंकीने ओली केली:
हीही तूच.

ऑर्विलने पाकीट तळहातावर तोललं.
"जाड आहे. यंत्रातून जायचं नाही,
कुणीतरी हातानं शिक्का मारील. जास्तीचं तिकीट लागेल."
आर्डिसने पर्स उपसून चार लावली.
"दोन पुरली असती."
"असू दे," ती म्हणाली,
आणि कोपरे पुन्हा एकदा
अंगठ्यानं दाबले.