सहा प्रती

कॉलेजच्या फाटकासमोर, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला
माझं झेरॉक्सचं दुकान.
आधार, सातबारा, बर्फाच्या कारखान्याची बिलं,
आणि मार्च आला की प्राणिशास्त्राच्या सरांच्या नोट्स,
पंचावन्न पानं, स्पायरल करून.
खरं सांगायचं तर त्या नोट्सवर
माझं वर्षाचं लाइटबिल निघतं.

प्रणिता तांडेल आली तेव्हा दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं.
कागद पालथा ठेवून म्हणाली, सहा प्रती.
सहा म्हटल्यावर मला कळलं.
ऑफिसबाहेरचा तो बोर्ड मीच लॅमिनेट करून दिलाय:
तक्रार सहा प्रतींत, तीन महिन्यांच्या आत.
माझ्या वेळी असा बोर्ड नव्हता.
एवढंच सांगते.

मी कागद काचेवर ठेवला, न बघता.
मृत्युपत्रं, काडीमोडाचे कागद, सगळं आम्ही न बघताच काढतो.
चौथी प्रत अर्धी बाहेर आली आणि लाइट गेली.

इन्व्हर्टरवर पंखा फिरतो, मशीन नाही.
खाली कुणीतरी होडीचं इंजिन सुरू करत होतं,
ते घुरघुरायचं आणि पडायचं.
"आवशीक सांगलंस?"
"ती बाजारात हा. आधी ह्यां देतंय, मगे सांगतंय."
मग माझ्याकडे न बघता, "वाचा होया तर.
वाचूकच लिवलंय."

वाचलं.
प्रॅक्टिकलच्या जर्नलसारखं लिहिलं होतं,
तिला तसंच लिहायची सवय.
कांदळवनात कालवं आणि खुबे मोजायला नेलं.
बाकीची मुलं पुढे गेली. चिखलात माझा पाय अडकला होता.
सरांनी हात दिला.
त्यानंतरच्या चार ओळी मी इथे लिहिणार नाही,
त्या तिच्या आहेत.
वेळ: दुपारी दीड.

"घड्याळ बघितलेलंस?"
"दशमी होती. तिथीची पाऊणपट, साडेसातची भरती.
दीडला पुरी सुकती.
तेव्हाच तर नेतत."

लाइट आली. रोलरनं अडकलेलं पान ओढलं,
अर्धं काळंकुट्ट. मी चुरगाळायला घेतलं
तर हात पुढे करून म्हणाली, तां पण माझां.
चार घड्या घालून पर्समध्ये ठेवलं.

बारा रुपये झाले. मी नको म्हटलं.
घ्या, म्हणाली, आणि पावती द्या.
बारा रुपयांची पावती!
पुस्तक खणाच्या तळाशी, कार्बन सुकलेला.
तारीख घाला. वेळ पण. सही पुरी करा.
मी पुरी केली: शैला विठोबा केळुसकर.
तीन महिन्यांना चार दिवस बाकी होते.

आता ऑफिस म्हणतं, अर्ज मुदतीनंतर आला.
आवक क्रमांक उद्या देतो म्हणून क्लार्कनं दिलाच नव्हता.
समितीच्या बाईंचा निरोप आलाय:
पावतीपुस्तक घेऊन या, अकरा वाजता.

या मार्चला नोट्स माझ्याकडे आल्या नाहीत.
स्टँडजवळच्या दुकानात गेल्या.
घरातून विचारणा झाली, बारा रुपयांपायी?
मी भात उतरवत होते, उत्तर दिलं नाही.
उत्तर नव्हतंही तेव्हा.

पुस्तक पिशवीत घातलंय. माशांची नव्हे, नवी आणली.
कार्बनची प्रत फिकी आहे,
पण बल्बसमोर धरली की दिसते:
झेरॉक्स, नग सहा, दुपारी तीन दहा.

झोप येईना म्हणून उठून कॅलेंडर पाहिलं.
उद्या चतुर्दशी. पाऊणपट,
बोटांवर दोनदा केली, साडेदहा.
म्हणजे मी रस्ता ओलांडेन
तेव्हा खाली धक्क्याला
पाणी काठोकाठ असेल.